गहू पुन्हा सुरू करा: सिलिॲकच्या निदानातील ग्लुटेन चॅलेंज

पोट सतत फुगलेले, आठवड्यातून दोनदा जुलाब, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलायला तयार नाही. अशा वेळी कुणीतरी सांगते, 'गहू सोडून बघ.' सांगणारा जिममधला प्रशिक्षक असतो, आहारतज्ज्ञ असतो, नाहीतर मावसबहीण. पोळी बंद होते, ज्वारीची भाकरी आणि भात सुरू होतो आणि पुष्कळदा खरोखरच बरे वाटते. काही महिन्यांनी पोटविकारतज्ज्ञांकडे जाणे होते. ते विचारतात, गहू सोडण्याआधी सिलिॲकची रक्ततपासणी केली होती का? उत्तर 'नाही' असेल तर पुढचा सल्ला रुग्णाला चक्रावून टाकतो: गहू पुन्हा सुरू करा, काही आठवडे रोज खा, मग तपासू.

या सल्ल्याला वैद्यकात ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. ज्याने त्रास होतो असा संशय आहे तेच मुद्दाम खाऊ घालायचे आणि शरीर काय करते ते मोजायचे. रुग्णांना ही पद्धत क्रूर वाटते, आणि डॉक्टरांनाही ती आवडत नाही. तिची गरज पडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे, म्हणजे आधी तपासणी आणि मग पथ्य असे व्हायला हवे तिथे उलटे झाल्यामुळे. एकदा क्रम चुकल्यावर मात्र किती गहू, किती दिवस, कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, या प्रश्नांची उत्तरे वाटतात तेवढी पक्की नाहीत.

तपासणी पुसली कशी जाते, ते आधी पाहू. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पूर्ण पचत नाही. त्याचे लांबट तुकडे लहान आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्या तुकड्यांत छोटासा रासायनिक बदल करते. ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जातीचे रेणू असतात, त्यांच्यात हा बदललेला तुकडा त्या रेणूंवर घट्ट बसतो. त्यांच्यापैकी काहींच्या शरीरातील टी-पेशी त्याला शत्रू समजून चवताळतात. मग त्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात आणि अन्नरस शोषून घेणारे रसांकुर झिजून सपाट होतात. ज्या विकराविरुद्ध ही प्रतिपिंडे असतात ते टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आहे, हे १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवले. आजची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी त्यातूनच आली.

सगळी साखळी ग्लुटेनवर चालते. ते थांबले की प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरू लागते आणि पुष्कळांत वर्षभराच्या आसपास सामान्य होते. रसांकुरांना जास्त वेळ लागतो. मुलांमध्ये ते लवकर सावरतात, प्रौढांमध्ये दोन-दोन वर्षेही लागतात. म्हणजे पथ्य नीट पाळणाऱ्याचे रक्त स्वच्छ येते, बायोप्सीही स्वच्छ येऊ शकते, आणि त्याला हा आजार कधी होता की नव्हता हे कागदावरून कळायचा मार्ग उरत नाही. एक गोष्ट मात्र पुसली जात नाही. ग्लुटेन ओळखणाऱ्या टी-पेशी अनेक वर्षे शरीरात राहतात. नव्या तपासण्यांची आशा त्यांच्यावरच आहे.

या रोगाचे शास्त्रीय ज्ञानच मुळात एका चॅलेंजमधून निघाले. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी मुलांमधल्या या आजाराचे वर्णन करून ठेवले आणि बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच, असा अंदाज बांधला. नेमका कोणता आहार हे त्यांना सापडले नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचे पथ्य लोकप्रिय केले. ते लागू पडायचे, पण त्याचे श्रेय केळ्याला देणे ही गफलत होती. त्या पथ्यात पाव नव्हता, एवढेच खरे कारण. हेगच्या बालरुग्णालयात काम करणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९३० च्या दशकातच गहू काढून पाहायला सुरुवात केली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि ही मुले सुधारली, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिच्यामुळे असे वाटते की शोध युद्धाने लावला. मला ही सोपी केलेली कथा डिकेंवर अन्याय करणारी वाटते, कारण युद्धानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते फार कष्टाचे होते. त्यांचे सहकारी व्हान दे कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची नेमकी पद्धत काढली होती. ती वापरून मुलांना कधी गव्हाचे पीठ, कधी दुसरे पिष्ट देऊन, चरबी किती बाहेर पडते याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. गहू दिला की चरबी वाढते, काढला की उतरते. डिकेंचा प्रबंध १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात सादर झाला. लवकरच इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवले की गव्हातील स्टार्च निरुपद्रवी आहे, दोष ग्लुटेनचा.

पुढे तोंडावाटे आतड्याचा तुकडा काढण्याची साधने १९५० च्या दशकात आली आणि चरबीच्या जागी बायोप्सी बसली. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन इथे युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञ जमले आणि त्यांनी जो नियम घातला तो आज वाचताना अंगावर येतो: तीन बायोप्स्या. पहिली आजारी अवस्थेत, दुसरी पथ्यावर सुधारल्यानंतर, तिसरी गहू पुन्हा देऊन अस्तर पुन्हा बिघडल्याचे दाखवणारी. त्यामागचे कारण रास्त होते. तान्ह्या मुलांत गाईच्या दुधाची असह्यता किंवा जुलाबांची लागण यांनीही रसांकुर झिजतात. आयुष्यभराचे पथ्य लावण्याआधी खात्री हवी होती. पण वीस वर्षांत इटलीतील तीन हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की दोन वर्षांपुढच्या मुलांत पहिल्या बायोप्सीवरचे आणि पथ्याच्या परिणामावरचे निदान बहुतेक वेळा बरोबरच निघते. १९९० मध्ये चॅलेंजची सक्ती गेली. २०१२ मध्ये, टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल, लक्षणे असतील आणि इतर अटी पूर्ण होत असतील, तर मुलांत बायोप्सीही टाळता येईल असे ठरले. २०२० मध्ये त्या अटी आणखी सैल झाल्या: दहापट टीटीजी, वेगळ्या नमुन्यात एंडोमायसियल प्रतिपिंडे होकारार्थी, आणि पालकांशी नीट बोलून घेतलेला निर्णय, एवढे पुरेसे मानले जाते. पन्नास वर्षांत तीन बायोप्स्यांवरून शून्यावर येण्याची ही वाट गहू खाणाऱ्या मुलासाठी आहे. ज्याने गहू आधीच सोडला त्याच्यासाठी चॅलेंज आजही उभेच आहे.

आणि इथे मार्गदर्शक तत्त्वे एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रिटनमधील नाइस ही संस्था सांगते की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन खा. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०१३ मध्ये रोज तीन ग्रॅम, दोन आठवडे, सोसल्यास आठ आठवडे, असा मध्यममार्ग सुचवला. मुलांसाठीच्या २०१२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत रोजचे सुमारे पंधरा ग्रॅम धरले होते. तीन आणि पंधरा यांत पाचपटीचे अंतर आहे.

तीन ग्रॅमचा आकडा मुख्यतः बोस्टनमधील एका छोट्या अभ्यासातून आला. डॅनियल लेफलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या या अभ्यासात निदान पक्के असलेले फक्त वीस प्रौढ होते. काहींनी रोज तीन, काहींनी साडेसात ग्रॅम ग्लुटेन चौदा दिवस खाल्ले. दोन्ही गटांत दोन आठवड्यांतच बहुतेकांच्या रसांकुरांची उंची घटली. त्यांतला आणखी एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सल्ल्याच्या पुरचुंडीत हरवतो. चौदाव्या दिवशी प्रतिपिंडे जेमतेम वाढली होती, अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे गहू बंद करून दोन आठवडे उलटल्यावर, ती स्पष्ट वर गेली. अस्तर आधी बिघडते आणि रक्त मागाहून बोलते. दोन आठवडे गहू खाऊन पंधराव्या दिवशी रक्त दिले, अहवाल सामान्य आला आणि 'तुम्हाला सिलिॲक नाही' असे सांगितले, तर ती चुकीची खात्री देण्याची सोपी पद्धत आहे. दोन आठवड्यांचे चॅलेंज होकारार्थी आले तर उपयोगी, नकारार्थी आले तर निकाल नाही. त्याच अभ्यासात प्रत्येकाचे शरीर सारखे वागले नाही, हेही लक्षात ठेवायचे. काहींना आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. मुलांसाठीच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिपिंडे आणि लक्षणे दोन्ही आली नाहीत तर चॅलेंज दोन वर्षांनी संपले समजावे, असे म्हटले होते, ते याच कारणाने.

हे आकडे आपल्या ताटावर आणून पाहू. गव्हाच्या पिठात प्रथिने साधारण दहा ते बारा टक्के आणि त्यांतला बहुतांश भाग ग्लुटेनचा. तीस ग्रॅम कणकेची मध्यम पोळी धरली तर तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन येते. म्हणजे अमेरिकी शिफारशीचे तीन ग्रॅम एका पोळीपेक्षा थोडे जास्त, आणि रोज चार पोळ्या म्हणजे दहा ग्रॅम. पाश्चात्त्य मार्गदर्शक तत्त्वे पावाच्या चकत्यांत मोजतात, आपले रुग्ण पोळ्यांत. यामुळे आणखी एक प्रश्न निघतो जो इकडे नीट विचारला जात नाही. सोलापूर, लातूर, जत या भागांत, किंवा कोकणात, मोठी माणसे भाकरी आणि भात खातात. पोळी सणाला, शिरा पाहुण्याला. अशा माणसाने पथ्य केलेलेच नसते, तरी त्याच्या पोटात रोजचे ग्लुटेन तीन ग्रॅमपेक्षा कमी असू शकते. त्याची रक्ततपासणी नकारार्थी आली तर डॉक्टरने आधी विचारावे, गेले दोन महिने गहू किती खाल्ला? हा प्रश्न पंजाबात विचारण्याची गरज नसते, इथे असते.

यालाच जोडून एक अखिल भारतीय अभ्यास सांगायला हवा. २०१६ मध्ये अमेरिकन नियतकालिकात छापलेल्या या पाहणीत हरियाणा, आसाम आणि तमिळनाडू येथील तेवीस हजारांहून अधिक प्रौढ होते. सिलिॲकची प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. रोजचा गहू अनुक्रमे ४५५, ३७ आणि २५ ग्रॅम. आणि डीक्यू२ किंवा डीक्यू८ बाळगणाऱ्यांचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखे: ३८.१, ३१.४ आणि ३६.४ टक्के. जनुके दक्षिणेतही तितकीच आहेत, आजार मात्र जवळजवळ नाही. ईशान्य आणि दक्षिण यांच्या गव्हात फारसा फरक नसताना आजारात इतका फरक आहे, म्हणजे गहू हे एकच कारण नव्हे. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. पण गेल्या दोन पिढ्यांत आपल्याकडे गव्हाचे प्रमाण वाढले आहे, आणि जनुके तर होतीच.

चॅलेंजच्या आधीची सर्वांत शहाणी पायरी याच माहितीतून येते. ज्याने गहू आधीच सोडला आहे त्याची जनुक तपासणी करावी, कारण ती आहारावर अवलंबून नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच, मग चॅलेंज देऊन हाल करण्याचे कारण नाही. ती असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लोकसंख्येतील तिसरा हिस्सा ती बाळगून आहे आणि त्यातल्या थोड्याच लोकांना आजार होतो. 'जीन पॉझिटिव्ह आली, म्हणजे सिलिॲक' असा अर्थ घरी नेणारे रुग्ण भेटतात, आणि त्यांना तसे सांगणारे लॅबचे लोकही. दुसरी पायरी आणखी सोपी. गहू सोडून फक्त दोन-चार आठवडे झाले असतील तर आधी रक्त देऊन बघावे. प्रतिपिंडे इतक्यात उतरत नाहीत. रक्ताबरोबर एकूण आयजीए मोजलेले हवे, कारण सिलिॲकच्या दोन-तीन टक्के रुग्णांत आयजीए कमी असते आणि मग टीटीजी-आयजीए खोटेच सामान्य येते.

बायोप्सीबद्दल आपल्या भागातली एक अडचण युरोपच्या पुस्तकांत तळटीपेत असते, इथे ती मुख्य मजकुरात यायला हवी. रसांकुर झिजवणारे दुसरे आजार इकडे पुष्कळ आहेत: जिआर्डियाची लागण, आतड्याचा क्षयरोग, ट्रॉपिकल स्प्रू, काही प्रतिकारशक्तीचे विकार, शिवाय रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन या गोळीनेही तसेच घडते. ट्रॉपिकल स्प्रूमध्ये अस्तर सिलिॲकसारखेच दिसू शकते, पण उपाय आहे प्रतिजैविके आणि फोलिक ॲसिड. एकट्या बायोप्सीच्या अहवालावर 'गहू आयुष्यभर बंद' लिहिले जाते तेव्हा रोग बरा करण्याची संधी हातची जाते. रक्त आणि बायोप्सी जुळत नसतील तेव्हा चॅलेंजचे महत्त्व इथे उलट वाढते.

आता कोणाला देऊ नये ते. पाच वर्षांखालील मूल आणि वयात येताना उंची वाढण्याचा काळ, हे दोन टप्पे २०१२ च्या युरोपीय सल्ल्याने टाळायला सांगितले आहेत, कारण वाढीच्या वेळी आतडे दुखावून घेण्याची किंमत मोठी असते. गरोदरपणात हा प्रयोग लांबणीवर टाकतात. पूर्वी अतिशय तीव्र लक्षणे आलेल्यांनाही डॉक्टर हात लावताना विचार करतात. त्रास फक्त पोट फुगण्याचा किंवा जुलाबांचा नसतो. काहींना एकाच ग्लुटेनयुक्त जेवणानंतर काही तासांत मळमळ आणि उलट्या होतात. जोरात त्रास झाला तर थांबून लगेच रक्त आणि दुर्बीण करून घेणे, हा व्यवहार्य मार्ग असतो. रक्त तेव्हा नकारार्थी आले तर त्यावरून काही ठरवू नये, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

चॅलेंजपूर्वी रुग्णाचे पथ्य खरेच पथ्य होते का, हेही पाहावे लागते. कारण मराठी स्वयंपाकघरात ग्लुटेन दिसत नाही अशा जागी बसलेले असते. बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो, म्हणजे वरणाची फोडणी झाली की पथ्य मोडले. मेतकुटात अनेक घरी गहू पडतो. थालीपिठाच्या भाजणीतही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात तो उतरतोच. आणि खपली गहू! मधुमेहासाठी म्हणून तो घेणारे, 'हा जुना गहू, यात ग्लुटेन नसते' असे सर्रास सांगतात. खपली गहूच आहे आणि सिलिॲकच्या रुग्णासाठी तो वर्ज्यच. जवाचे सातूही तसेच. पथ्य काटेकोर होते असे मानून चॅलेंज सुरू केले आणि सुरुवातीलाच टीटीजी वाढलेले निघाले, तर प्रयोगाची गरजच संपली. म्हणून पहिल्या दिवशीचे रक्त तपासून ठेवणे आवश्यक असते. किती थोडे पुरते, यावर कातासी यांचा २००७ चा अभ्यास सांगता येतो: रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा दिसली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'ग्लुटेन-फ्री' शब्दाला किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती याच हिशेबात बसते.

सिलिॲक नाही असे निघाले, तरी गहू खाल्ल्याने त्रास होतोच अशी तक्रार राहतेच. या लोकांसाठी दुसऱ्या जातीचे चॅलेंज आहे. २०१५ च्या सालेर्नो निकषांनुसार ते दुहेरी अंधपद्धतीने होते: एका आठवड्यात रोज आठ ग्रॅम ग्लुटेन, दुसऱ्या आठवड्यात त्याच चवीचा खोटा पदार्थ, मध्ये एक आठवडा खंड, आणि कोणता कुठला हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नाही. लक्षणांत तीस टक्के फरक पडला तर होकार. हे प्रयोग निकालांत गोंधळ आणणारे ठरले. ऑस्ट्रेलियातील एका गटाने आधी ग्लुटेनकडे बोट दाखवले आणि २०१३ मध्ये स्वतःच ते मागे घेऊन फॉडमॅपकडे, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकांकडे वळवले. २०१८ मध्ये नॉर्वेतील एकोणसाठ जणांच्या प्रयोगात फ्रुक्टन या गव्हातल्या साखरेने ग्लुटेनपेक्षा जास्त लक्षणे आणली. ज्याने गहू सोडून बरे वाटले, त्याचा अनुभव खरा असतो, पण कारण ग्लुटेनच असेल असे नाही. आपल्याकडे कांदा-लसणातही फ्रुक्टन आहे, हे आहारतज्ज्ञांनी तरी लक्षात ठेवावे.

पुढचे काम टी-पेशींवर चालू आहे. ओस्लोच्या प्रयोगशाळेने टेट्रामर नावाचे रेणू वापरून रक्तातल्या ग्लुटेन-ओळखणाऱ्या पेशी शोधल्या, आणि त्या पथ्यावरील रुग्णांतही सापडल्या. मेलबर्नमध्ये ग्लुटेन खाल्ल्यानंतर चार तासांच्या सुमारास रक्तात वाढणारे इंटरल्यूकिन-२ मोजण्याचे काम झाले. त्यातून आता रक्ताचा नमुना नळीतच ग्लुटेनच्या तुकड्यांबरोबर ठेवून प्रतिसाद पाहण्याची पद्धत पुढे आली आहे. ही नेहमीच्या वापरात आली तर रुग्णाऐवजी फक्त त्याच्या रक्ताला गहू खाऊ घातल्यासारखे होईल. अजून ती मोठ्या संशोधनकेंद्रांपुरतीच आहे. औषधांच्या चाचण्यांत मात्र चॅलेंजच मापदंड राहिले आहे: २०२१ मध्ये झेड-१२२७ या औषधाची चाचणी रुग्णांना सहा आठवडे रोज तीन ग्रॅम ग्लुटेन देऊन झाली, आणि औषधाने अस्तराची हानी कमी केल्याचे दिसले.

मधल्या काळात एक पर्याय फार लोक निवडतात आणि त्याला वैद्यकाने तुच्छ लेखू नये असे मला वाटते: चॅलेंजला नकार देऊन, सिलिॲक आहे असे समजून पथ्य पाळणे. प्रकृती सुधारत असेल तर हे चालते. पण त्याचीही किंमत मोजली जाते. निदान नसेल तर जवळच्या नातेवाइकांची तपासणी कुणी सुचवत नाही, आणि सिलिॲकच्या रुग्णाचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात आजाराची शक्यता सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. हाडांची घनता, थायरॉइड, लोह यांवर नजर ठेवायला कारण राहत नाही. शिवाय संशयाने पाळलेले पथ्य सैल पडते. लग्नाच्या पंगतीत जिलेबी समोर आली की 'एवढ्याने काय होतंय' असे माणूस म्हणतो, आणि खरा सिलिॲक असेल तर काही होतेच. ज्यांनी निर्णय घ्यायचा आहे, त्यांना तो घेण्यापूर्वी डीक्यू२, डीक्यू८ आणि पहिल्या दिवसाचे रक्त, एवढे तरी हाती असावे. चॅलेंज घ्यायचे ठरले तर पहिल्या सल्ल्याच्या वेळीच रक्ताची आणि दुर्बिणीची तारीख ठरवून घ्यावी, म्हणजे सातव्या आठवड्यात पोट दुखत असताना केवळ अपॉइंटमेंट मिळेना म्हणून गहू चालू ठेवावा लागणार नाही.